हात आत जातोय का?

अप्पांना खाज सुटली तेव्हा आम्ही आधी साबण बदलला. मग वांगं बंद केलं. मग भांडुपच्या दमट हवेवर खापर फोडलं, कारण जुलैमध्ये भांडुपला कुणाचं अंग खाजत नाही? पंधरा दिवसांनी दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी वाटी परत द्यायला आल्या आणि दारातच थबकून म्हणाल्या, "अप्पा, इकडे उजेडात या बघू." ट्यूबलाइटखाली आम्हा घरच्यांना जे दिसत नव्हतं ते त्यांना गॅलरीत दिसलं. डोळ्यांचा पांढरा भाग कुणी हळदीचं बोट फिरवावं तसा झाला होता.

कावीळ म्हटलं की आपल्याकडे सल्ल्यांना तोटा नसतो. उसाचा रस प्या, मुळ्याचा पाला खा. एका आतेभावाने तर चुन्याच्या पाण्याने हात धुऊन 'पिवळं काढणाऱ्या' बाबाचा नंबरही पाठवला. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी मात्र अप्पांच्या पोटावर दोन बोटं ठेवली, "दुखतंय?" म्हणून विचारलं, "नाही" ऐकलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "दुखणारी कावीळ परवडली," एवढंच म्हणाले. सोनोग्राफीत पित्तनलिका फुगलेली दिसली. सीटी स्कॅनमध्ये कारण दिसलं: स्वादुपिंडाच्या डोक्यापाशी, पित्तनलिका आतड्यात उघडते त्या तोंडाशी, सुपारीएवढी गाठ.

स्वादुपिंड हा शब्द मी दहावीच्या आकृतीत बाण काढून लिहिला होता, त्यानंतर थेट आता. जेमतेम वीतभर लांबीचा अवयव. जठराच्या मागे, पाठीच्या कण्याला टेकून आडवा पडलेला. डोकं उजवीकडे, लहान आतड्याच्या पहिल्या वळणाच्या कुशीत. शेपूट डावीकडे प्लीहेला टेकलेलं. देवघराच्या मागच्या भिंतीत तिजोरी असावी तशी जागा. आणि डोक्याच्या मागून आतड्यांचं सगळं रक्त वाहून नेणाऱ्या मोठ्या शिरा जातात, हे तेव्हा माहीत नव्हतं ते बरं होतं.

*

धाकटा भाऊ पुण्याला आयटीत. बातमी कळल्यावर तासाभरात त्याचे दुवे यायला लागले. दुर्बिणीतून, रोबोटने, 'कमीत कमी छेद'. एका मोठ्या खासगी रुग्णालयातल्या बाईंशी तो बोललाही होता. बाईंनी फोनवर फार गोड सांगितलं की, सर, पाच-सहा छोटी भोकं, रक्त जात नाही, बाबा आठवड्यात घरी. रोबोटचे पैसे वेगळे. अप्पांचा सीटी बाईंनी पाहिला नव्हता, मागितलाही नव्हता, हे मला नंतर खटकलं. त्या वेळी मीसुद्धा भावाच्याच बाजूची होते. 74 वर्षांच्या माणसाचं पोट छातीपासून बेंबीखालपर्यंत उभं फाडायचं या कल्पनेनेच माझ्या पोटात गोळा यायचा.

शिवाय पुरावा आमच्याच इमारतीत होता. त्याच वहिनी. तीन वर्षांपूर्वी त्यांचंही स्वादुपिंडाचंच ऑपरेशन झालं होतं, दुर्बिणीतून. पाचव्या दिवशी घरी, तिसऱ्या आठवड्यात गणपतीचे मोदक. पोटावर चार ठिपके आणि बेंबीच्या खाली एक बोटभर रेघ, तीही त्या मागितल्याशिवाय दाखवत नसत, आणि मागितल्यावर आनंदाने दाखवत. "मला नाही का झालं? मग अप्पांना का नको?" या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हतं.

मुंबईला दुर्बिणीचं कौतुक असणं साहजिक आहे. 1990 साली जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उदवाडियांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढलं, ते भारतातलं पहिलं. त्याआधी जेवढा मोठा सर्जन तेवढी मोठी चीर असा हिशेब होता. आज पित्ताशयासाठी कुणाचं पोट उघडलं तर नातेवाईकच विचारतात, का हो, काही बिघडलं का? अपेंडिक्स, गर्भाशय, हर्निया, सगळं भोकांमधून व्हायला लागलं आणि 'बिनटाक्याचं' हा शब्द डोळ्यांच्या दवाखान्याच्या पाटीवरून आपल्या डोक्यात कायमचा शिरला. मग उरलं ते स्वादुपिंड तेवढं मागासलेलं का, असं वाटणारच.

*

आता अप्पांविषयी सांगायला हवं. अप्पा महापालिकेच्या पाणीखात्यात फिटर होते, 31 वर्षं. तानसाचं पाणी या शहरात 1892 साली आलं, आणि ओतीव लोखंडाच्या जुन्या पाइपांचे जॉइंट तागाचा पीळ ठोकून वर वितळलेलं शिसं ओतून बसवलेले असत. ते काम येणारी जी शेवटची माणसं खात्यात होती त्यांच्या हाताखाली अप्पा शिकले. लहानपणी मी त्यांच्यासोबत एकदोनदा कामावर गेले आहे. खड्डा खणून झाला की ते कडेला उकिडवे बसत आणि आतल्या पोराला एकच विचारत, "हात आत जातोय का?" पाइपच्या वरून नव्हे, खालून. गळती बहुतेक वेळा पाइपच्या पोटाशी असते, आणि तिथे हात फिरल्याशिवाय जॉइंट बसत नाही. सोसायटीवाल्यांना खड्डा लहान हवा, वॉर्डातल्या साहेबाला त्याहून लहान. अप्पा कुणाचंच ऐकत नसत. आणखी हातभर खणायला लावत आणि शिव्या खात.

आम्ही शेवटी गेलो ते शहरातल्या एका जुन्या, गर्दीच्या रुग्णालयात. नाव सांगत नाही. सर्जन चाळिशीपुढचे, सोलापूरकडचे, बोलण्यात तो हेल होता. बाहेर 60-70 माणसं ताटकळत असताना त्यांनी केसपेपर उलटा केला आणि चित्र काढलं. आतड्याचं वळण, त्यात बसलेलं डोकं, वरून येणारी पित्ताची नळी.

"हा बेंड," अप्पा म्हणाले.

"बेंड. हा अख्खा काढायचा. डोकं, हे आतडं, पित्ताशय, पित्ताच्या नळीचा खालचा तुकडा, सगळं एकत्र. कारण डोक्याचा आणि या आतड्याचा रक्तपुरवठा एकच आहे, काका, एक काढून दुसरं ठेवता येत नाही."

"आणि मग लाइन कशी चालू करणार?"

"तीन जॉइंट. आतडं वर ओढून घ्यायचं. एक स्वादुपिंडाला, एक पित्ताच्या नळीला, एक जठराला."

अप्पा चष्मा सारखा करून पुढे वाकले. "तिन्हींत वाईट कुठला?"

डॉक्टर हसले. मला वाटतं, हा प्रश्न त्यांना फार दिवसांनी कुणीतरी विचारला असावा. त्यांनी पहिल्या जॉइंटवर पेन टेकवलं. नळी दोन-तीन मिलिमीटरची. गाठीमुळे ती जुनीच तुंबून फुगलेली असेल आणि स्वादुपिंड कडक झालं असेल तर टाके धरतं. नाहीतर लोण्याला टाके घालण्यासारखं.

"आणि आतून वाहतं काय?"

"मांस पचवणारा रस."

"म्हणजे गळलं तर जॉइंटच खाणार."

"जॉइंट खाणार आणि शेजारची शीरसुद्धा."

खोलीत क्षणभर फक्त पंख्याचा आवाज होता. मग भावाने घसा खाकरून दुर्बिणीचं विचारलं. डॉक्टरांनी ते झटकून टाकलं नाही, हे मला आवडलं. म्हणाले, करतो, योग्य पेशंटमध्ये करतो. शेपटाकडची गाठ असेल तर आधी तेच सुचवतो, कारण तिथे कापून कडा बंद करायची असते, जोडायचं काही नसतं. वहिनींच्या ठिपक्यांचं कोडं तिथे सुटलं. वहिनींचं शेपूट होतं, अप्पांचं डोकं. अवयव एकच, पण दोन ऑपरेशनांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही. "काकांची गाठ या शिरेला टेकल्यासारखी दिसतेय. नुसती टेकलीय की चिकटलीय हे फोटोत कळत नाही. मला तिथे बोट घालून बघायचंय."

"हात आत जायला पाहिजे," अप्पा म्हणाले आणि चष्मा काढून खिशात ठेवला. त्यांच्यापुरता विषय संपला होता.

*

माझ्यापुरता संपला नव्हता. कावीळ उतरावी म्हणून तोंडातून दुर्बीण घालून पित्तनलिकेत स्टेंट बसवला, आणि ऑपरेशनपर्यंत मधे तीन आठवडे मिळाले. या तीन आठवड्यांत मी रात्री जागून जे वाचलं त्याने भावाशी भांडायला दारूगोळा मिळाला आणि मग भांडायचंच सुचेना.

या ऑपरेशनला व्हिपल म्हणतात ते न्यू यॉर्कच्या अ‍ॅलन व्हिपल यांच्यावरून. त्यांनी 1935 साली ते मांडलं, तेही दोन टप्प्यांत. बर्लिनच्या वाल्टर काउश यांनी 1909 मध्येच तसं एक करून ठेवलं होतं. पुढची कित्येक दशकं हे ऑपरेशन म्हणजे जुगार होता. 1970 च्या सुमारासही चौघांतला एक जण त्यातून उठत नसे, आणि हे करणंच सोडून द्या म्हणणारे नामवंत सर्जन होते. आज जिथे ही ऑपरेशनं नेहमी होतात तिथे तो आकडा शंभरात पाचाच्या खाली आहे. दुर्बिणीतून पहिलं व्हिपल कॅनडाच्या मिशेल गान्ये यांनी केलं आणि 1994 मध्ये प्रसिद्ध केलं. म्हणजे उदवाडियांच्या पित्ताशयानंतर फक्त चार वर्षांनी. मग पित्ताशयाचं तंत्र गावोगाव पोचलं आणि व्हिपलचं का नाही?

नेदरलँड्समध्ये त्याची नीट परीक्षा घेतली गेली. चार मोठी केंद्रं, शिकून तयार झालेले सर्जन, चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी: निम्म्यांचं पोट उघडून, निम्म्यांचं दुर्बिणीतून. चाचणी मधेच थांबवावी लागली. दुर्बिणीच्या 50 जणांपैकी पाच जण तीन महिन्यांच्या आत ऑपरेशनच्या गुंतागुंतीने गेले, उघड्याच्या 49 पैकी एक. 2019 साली त्यांनी ते जसंच्या तसं छापलं. मला या माणसांविषयी आदर वाटला. आपल्या तंत्राच्या विरोधात गेलेला हिशेब कोण छापतं?

पण एवढ्यावर भावाला गप्प करता येईना, कारण त्याच्याकडेही कागद होते आणि तेही खरे होते. कोइम्बतूरला 64 जणांची अशीच चाचणी झाली. तिथे दुर्बिणीवाले सातव्या दिवसाच्या आसपास घरी गेले, उघडेवाले तेराव्या. अप्पांसारख्या वयात सहा दिवस अंथरुणातून लवकर उठणं म्हणजे न्यूमोनियापासून सहा दिवस दूर. चीनमध्ये 14 रुग्णालयांत 656 जणांवर झाली. तिथे जिवाला धोका दोन्हीकडे सारखाच आणि घरी जायला 15 दिवस विरुद्ध 16. एका दिवसाचा फरक! त्या चिनी चाचणीतली एक अट मी दोनदा वाचली. भाग घेणाऱ्या सर्जनने आधी अशी किमान 104 दुर्बिणीची व्हिपल केलेली हवीत. 104! व्हिपल यांनी स्वतः आयुष्यभरात 37 केली होती.

तिथे माझ्या डोक्यात गाडी रुळावर आली. भोकं की चीर, यावर आम्ही महिनाभर खल केला, कारण आम्हाला बाहेरून तेवढंच दिसत होतं. आत दोन्हींकडे तेच तीन जॉइंट. 2002 साली अमेरिकेतल्या वृद्ध रुग्णांचा एक मोठा हिशेब प्रसिद्ध झाला होता: स्वादुपिंड कापायची ऑपरेशनं जिथे वर्षाला एखाददुसरंही होत नव्हतं तिथे शंभरात 16 जण दगावत, जिथे 16 हून जास्त होत तिथे चार. दुसऱ्या कुठल्याही ऑपरेशनमध्ये फरक एवढा मोठा नव्हता. म्हणजे त्या गोड बोलणाऱ्या बाईंना विचारायचं होतं ते भोकाच्या मापाचं नव्हतंच. तुमच्याकडे वर्षाला अशी किती होतात, आणि रात्री दोन वाजता शीर फुटली तर कोण येतं, हे विचारायचं होतं. मी भावाला तेवढं एकच विचारायला लावलं. बाई म्हणाल्या, कळवते. अजून कळवताहेत.

*

ऑपरेशन सकाळी साडेआठला सुरू झालं. अडीच वाजता आम्हा दोघांना आत बोलावलं तेव्हा भावाने माझं मनगट धरलं. पण डॉक्टर दारात उभे होते, हातात स्टीलचा ट्रे. वर टाकलेला हिरवा कपडा बाजूला केला. लहान आतड्याचं वळण, रंगाने ओल्या विटेसारखं; त्याला लोंबणारी हिरवट पिशवी, पित्ताशय; आणि वळणाच्या आत फिकट पिवळा, मक्याच्या कणसाला कुणीतरी दाबून चपटं केल्यासारखा रवाळ गोळा. चिमट्याच्या टोकाने त्यांनी आतड्याची कड उचलली. गाठ तिथे होती. सुपारीएवढीच.

"शीर सुटली," ते म्हणाले. "चिकटल्यासारखी होती, पण बोटाने सुटली. आता जोडायचं काम." आणि परत आत गेले. काढणं म्हणजे अर्धं काम, हे मी वाचलं होतं. त्या बंद झालेल्या दारासमोर आणखी अडीच तास बसल्यावर कळलं.

चिरेचं मी काही गोड करून सांगणार नाही. 34 पिना होत्या. अप्पा खोकायच्या आधी उशी पोटाशी घट्ट धरत आणि तरी डोळ्यांत पाणी येई. तीन चेंडूंचं श्वास ओढायचं यंत्र त्यांनी दुसऱ्या दिवशी खिडकीत ठेवून दिलं, "हे पोरांचं आहे" म्हणून. नाकात नळी, कमरेत दुखणं मारायची बारीक नळी, पोटाच्या दोन्ही अंगांना ड्रेन, म्हणजे आतलं पाणी बाहेरच्या पिशवीत काढणाऱ्या नळ्या. चौथ्या दिवशी जखमेच्या खालच्या टोकाला पू धरला, तीन पिना काढून ती उघडी ठेवावी लागली. त्या रात्री वहिनींचे चार ठिपके आठवून मला हेवा वाटला, हे कबूल करते.

आणि जॉइंट गळला. तिसऱ्या दिवशी ड्रेनचं पाणी तपासायला गेलं, त्यात स्वादुपिंडाचा रस निघाला. रंग आधी पातळ सरबतासारखा लाल होता, तो राखाडी, गढूळ झाला. डॉक्टर म्हणाले, घाबरू नका, ड्रेन याच्यासाठीच ठेवलाय. रस बाहेर येतोय तोवर आत साचत नाही. गळती दोन्ही पद्धतींत होते. त्या डच चाचणीतही दोन्ही गटांत साधारण चौथ्या माणसाला त्रास देण्याइतकी झालीच होती. मला धीर द्यायला मी हे आकडे मनात घोळवत होते. अप्पांनी वही मागितली.

ती वही माझ्याकडे आहे. शंभर पानी, वर जलखात्याच्या पद्धतीने तारीख, वेळ, शेरा. रोज सकाळी सातला पिशवी मापात ओतायची. 180. 160. 165, शेरा: 'रात्री खोकला'. 120. 90. ड्रेन घेऊनच आम्ही सोळाव्या दिवशी घरी आलो आणि पिशवी सदऱ्याच्या आत पिनेने अडकवून अप्पा गॅलरीत बसायला लागले. 40. 25. "प्रेशर उतरलं की जॉइंट आपला आपण बसतो कधीकधी," ते म्हणायचे, "शिसं पण असंच बसतं." 10, मग सलग तीन दिवस नुसतं 'ओलं'. चौथ्या आठवड्यात ड्रेन निघाला.

वॉर्डातल्या शेजारच्या खाटेवर नाशिककडचा एक पोरगा होता, तिशीचा, दारूने स्वादुपिंड सुजून आतून सडलेलं. मी गृहीत धरलं होतं की याचंही पोट उघडणार, सडकं सगळं उपसून काढणार. पूर्वी तसंच करत. त्याला मात्र डाव्या कुशीतून एक जाड नळी घातली आणि वाट बघत बसले. मला तो हलगर्जीपणा वाटला होता. नंतर कळलं, 2010 साली याच डच मंडळींनी 88 रुग्णांत दाखवलं होतं की आधी नळी, भागलं नाही तरच पुढचं छोटं ऑपरेशन, असं पायरीपायरीने गेलं तर मोठी गुंतागुंत किंवा मृत्यू शंभरात 69 वरून 40 वर येतो. आणि तिघांतल्या एकाला तर नळीपलीकडे काही लागतच नाही. त्या पोराची आई दिवसभर त्याच्या पायाशी बसून नळीच्या पिशवीकडे बघत असे. अप्पांनी तिलाही वही घालून दिली.

*

गाठीच्या कडा मोकळ्या आल्या, म्हणजे कापलेल्या कडेला कॅन्सर सापडला नाही. केमोचं जे झालं त्याविषयी कधीतरी वेगळं लिहीन.

वहिनी येतात. त्यांचं आणि अप्पांचं आता एक वेगळंच गूळपीठ आहे. स्वादुपिंड अर्धंच उरल्यावर काय काय पचतं यावर ते दोघं जेवढं बोलतात तेवढं आम्ही राजकारणावरही बोलत नाही. अप्पांना प्रत्येक जेवणाबरोबर पाचक रसाच्या कॅप्सूल घ्याव्या लागतात, नाहीतर तेल-तूप जसंच्या तसं बाहेर पडतं. वॉशर ठेवायचा त्यांचा जुना पत्र्याचा डबा होता. तो घासून, उन्हात वाळवून त्यात आता कॅप्सूल असतात. पुसट झालेलं 'अर्धा इंची' झाकणावर अजून वाचता येतं.

होळीला त्यांनी पानात पुरणपोळी घेतली आणि डब्यातून तीन कॅप्सूल मोजून काढल्या.

"अप्पा, डॉक्टरांनी दोन सांगितल्यात."

"डॉक्टरांनी तूप बघितलंय का किती वाढलंयस?"